तिवसा ते ताज : आलिशान हॉटेले, वऱ्हाडचा कापूस आणि तीन दरवाजे

१/ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाची एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. जमशेदजी टाटांना गोऱ्यांच्या एका हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज उभारले. गोष्ट रंजक आहे. पण ती खरी आहे का? आणि ती सांगताना तिच्याहून मोठी एक गोष्ट आपण विसरतो का? आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ मी तिवसा येथील. अमरावती–नागपूर महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. तुकडोजी महाराजांचे मोझरी आमच्या तालुक्यात, रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूरही आमच्याच तालुक्यात. मुंबईच्या आलिशान हॉटेलांशी आमचा काय संबंध, असे कुणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

३/ पण कापसाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न. परक्या शहरात रात्र काढायची असेल, तर दारात आपल्याला काय विचारले जाते? जात, पैसा, की आणखी काही? माझ्या मते हॉटेलांचा इतिहास हा या एका प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे. झुंबरे आणि संगमरवर नंतर येतात.

४/ प्रवासी आपल्याकडे शतकानुशतके होते : वारकरी, यात्रेकरू, व्यापारी, वंजाऱ्यांचे तांडे, फौजा. त्यांच्यासाठी सराया होत्या, धर्मशाळा होत्या, देवळांचे ओटे होते. पैसे फारसे लागत नसत. जात मात्र विचारली जाई. अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातीसाठीच बांधलेल्या असत. ज्या 'सर्वांसाठी' म्हणवल्या जात, त्यांच्या 'सर्वां'त अस्पृश्य बहुधा नसत. हा पहिला दरवाजा, जातीचा.

५/ मुक्कामाहून जेवण अवघड. कुणी शिजवले, कुणी वाढले, पंक्तीला शेजारी कोण बसले, या प्रत्येक गोष्टीला नियम होते. अन्न विकणे हेही कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे परगावी गेलेला मनुष्य शक्यतो नातलगाकडे उतरे, नाही तर स्वजातीयाच्या खाणावळीत जेवे. अनोळखी माणसांसोबत अनोळखी हातचे खाणे ही चैन नव्हती, ते धाडस होते.

६/ हे धाडस किती महाग पडे, त्याचे उदाहरण पुण्याचे आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या एका समारंभात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. कारण एवढेच : मिशनऱ्यांच्या घरचा चहा.

७/ त्याच सुमारास युरोपात भव्य हॉटेलांचे युग भरात होते. लंडनचे सॅव्हॉय १८८९ मध्ये सुरू झाले, पॅरिसचे रिट्झ १८९८ मध्ये. या हॉटेलांनी पाहुण्याला निदान तत्त्वतः एकच प्रश्न विचारला : भाडे देता येईल का? उमरावाच्या शेजारच्या टेबलावर कालचा दुकानदार बसू लागला. हा दुसरा दरवाजा, पैशाचा. वसाहतींत मात्र त्यावर आणखी एक अदृश्य पाटी असे, ती कातडीच्या रंगाची.

८/ आता वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. निमित्त होते निजामाच्या नावावरील फौजेच्या खर्चाचे. त्याच वर्षी मुंबई–ठाणे रेल्वे धावली. दोन्ही घटना स्वतंत्र खऱ्या, पण चौदा वर्षांनी त्या एकमेकींना भेटल्या : १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून रेल्वे नागपुरास पोहोचली.

९/ त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. त्यातला पुष्कळसा मुंबईला नव्हे, तर गंगाकाठच्या मिर्झापूरला! महिनोन्महिन्यांचा प्रवास, वाटेत पाऊस, धूळ, चोरी. रेल्वेने वऱ्हाडचे तोंड पश्चिमेकडे फिरवले. बडनेरा, धामणगाव, शेगाव, अकोला ही स्थानके मुंबईच्या गोदीची अंगणे बनली.

१०/ मधल्या काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला युद्ध पेटले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा तेथील दक्षिणी राज्यांतून, गुलामांच्या श्रमांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले.

११/ मुंबईत पैशांचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद हे या काळाचे सम्राट. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचे भाव गगनाला भिडले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे विक्रीस निघाले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि फुगा फुटला. इमारती मात्र उभ्या राहत गेल्या.

१२/ त्या विकाऊ तुकड्यांपैकी एक जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने १८६४ मध्ये घेतला. त्यावर उभे राहिले वॉटसन्स हॉटेल. रचनाकार रोलंड मेसन ऑर्डिश. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि येथे जोडल्या. पाच मजले, सुमारे १३० खोल्या. १८७१ मध्ये ते सुरू झाले.

१३/ वॉटसन्सच्या भोजनगृहात वाढण्यासाठी इंग्लंडहून तरुणी आणल्या होत्या. त्यावर तेव्हाच्या मुंबईत विनोद फिरे : वॉटसनने इंग्लंडची हवाही सोबत आणली असती तर किती बरे झाले असते! यातून त्या हॉटेलाचा हेतू कळतो. मुंबईत राहूनही मुंबईत नसल्यासारखे वाटावे, हीच तेथली खरी सुखसोय होती आणि तिचेच पैसे घेतले जात.

१४/ ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला. सहा छोटी चित्रे, तिकीट एक रुपया. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे पहिले पान एका हॉटेलाच्या दालनात उलगडले. शाळेच्या पुस्तकात ही तारीख असते. त्याच वर्षी तेथे घडलेला दुसरा प्रसंग सहसा नसतो.

१५/ जानेवारी १८९६. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला आणि वॉटसन्समध्ये उतरला. सज्जातील कावळ्यांवर त्याने गमतीने लिहिले आहे. पण त्याच प्रवासवर्णनात एक काळीज हलवणारा प्रसंग आहे. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या एका धिप्पाड जर्मन माणसाने काहीतरी चुकले म्हणून हिंदी नोकराच्या मुस्कटात मारली. नोकराने ती मुकाट्याने सोसली.

१६/ ट्वेनला एकदम आपले बालपण आठवले. तो गुलामगिरीच्या मिसुरी राज्यात वाढलेला. गुलामाला चूक समजावण्याची तेथली रीत अशीच होती, हे त्याला अनेक वर्षांनी मुंबईच्या हॉटेलात उमगले. जरा विचार करा. अमेरिकेतील गुलामांच्या कापसाची वाट बंद झाली म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीच्या मुंबईत हे हॉटेल उभे राहिले. आणि तेथे अमेरिकन पाहुण्याला गुलामगिरी आठवली.

१७/ आता जमशेदजी. कापसाच्या तेजीत टाटांच्या पेढीचेही हात गुंतले होते. मंदी कोसळली तेव्हा तरुण जमशेदजी लंडनमध्ये होते आणि हातातील हुंड्या कवडीमोल होताना त्यांनी पाहिल्या. त्यावरून त्यांनी एक धडा घेतला असावा असे मला वाटते : कापूस नुसता विकण्यापेक्षा त्याचे सूत काढावे, कापड विणावे, आणि तेही कापूस जेथे पिकतो तेथे.

१८/ गिरणी मुंबईतच काढायची, हा त्या वेळचा शिरस्ता. जमशेदजींनी नागपूर निवडले. वऱ्हाड आणि वर्ध्याचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, 'एम्प्रेस मिल' सुरू झाली.

१९/ नागपूरची एक आख्यायिका सांगितली जाते. गिरणीसाठी दलदलीची जागा भरून काढत असताना एका सावकाराने भांडवल देण्यास नकार दिला : हा माणूस मातीत सोने घालतो आहे! पुढे गिरणी भरभराटीला आली तेव्हा तोच म्हणाला, मातीत माती घातली आणि सोने काढले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते सोने पुढे कोठे गेले, याचे एक उत्तर या आख्यायिकेत आहे.

२०/ एम्प्रेस मिल हा टाटांच्या उद्योगाचा भक्कम पाया ठरला. पोलाद, जलविद्युत, विज्ञानसंस्था ही स्वप्ने त्यानंतरची. आणि त्याच संपत्तीतून जमशेदजींनी अपोलो बंदरावर समुद्रालगत जागा घेऊन हॉटेल बांधायला काढले. बहिणीने 'आता भटारखाना काढणार का?' अशा अर्थाचा टोमणा मारल्याचे सांगतात. अन्न विकण्याविषयीची जुनी अढी पारशी घरातही होती, हे त्यातून दिसते.

२१/ मग त्या अपमानाच्या गोष्टीचे काय? तिची अनेक रूपे आहेत. कुणी वॉटसन्सचे नाव घेते, कुणी दुसऱ्या हॉटेलाचे. तत्कालीन कागदपत्रांत तिला भक्कम आधार मिळत नाही. उलट दुसरे कारण अधिक पटते : १८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती आणि आपल्या शहराला जगाच्या तोडीचे हॉटेल असावे, अशी जमशेदजींची इच्छा होती.

२२/ पण गोष्ट सिद्ध होत नाही म्हणजे भेदभाव नव्हता, असा अर्थ मुळीच नाही. गोऱ्यांचे क्लब आणि हॉटेले हिंदी माणसाला दूर ठेवत, हे निर्विवाद. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : एक प्रसंग अपुष्ट आहे, त्यामागचे वास्तव पुष्ट आहे. लोकांच्या खऱ्या अनुभवाला एका माणसाचे नाव मिळाले, म्हणून ती आख्यायिका टिकली.

२३/ ताजचा मूळ आराखडा करणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे : रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य हे बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या उभारणीत स्टीव्हन्स यांचे सहाय्यक होते. म्हणजे वऱ्हाडातून आलेला उतारू ज्या स्थानकात पाय ठेवी ते स्थानक, आणि जेथे पाय ठेवण्याचे त्याच्या स्वप्नातही नसे ते हॉटेल, या दोहोंमागे एकाच मराठी अभियंत्याची बुद्धी होती.

२४/ येथे दुसरी आख्यायिका दूर करू. हॉटेल चुकून उलट्या तोंडाचे बांधले गेले आणि त्या दुःखाने वास्तुविशारदाने प्राण दिला, असे आजही सांगितले जाते. वैद्य यांचे निधन १९०० मध्ये हिवतापाने झाले. इमारत पूर्ण व्हायला तेव्हा अवकाश होता. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते, कारण घोडागाड्या तिकडून येत. ती चूक नव्हती, योजना होती.

२५/ १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झाले. पहिल्या दिवशी पाहुणे अवघे १७. अमेरिकन पंखे, जर्मन पाळणे, तुर्की स्नानगृहे, इंग्रज खानसामे आणि सर्वत्र विजेचे दिवे. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते; ते १९२४ चे. समुद्रातून येणाऱ्याला मुंबईचे पहिले दर्शन ताजचेच होई. जमशेदजींना ते फार काळ पाहता आले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

२६/ भाडे किती? पंखा आणि स्वतंत्र स्नानगृह असलेली खोली १३ रुपये, जेवणासह २० रुपये, दर दिवशी. त्या काळी गिरणीतील सामान्य कामगाराला महिन्याकाठी साधारण पहिल्या आकड्याइतकीच मजुरी पडे. ताजचा दरवाजा रंग विचारत नव्हता, जात विचारत नव्हता. पहिल्या महायुद्धात तर तेथे ६०० खाटांचे रुग्णालयही झाले. पण तो पैशाचा दरवाजा होता, हे खरेच.

२७/ ताज उभे राहत असताना वऱ्हाडात काय चालले होते? १८९६–९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९–१९०० चा 'छप्पन्या'. ज्वारीची शेते कापसाखाली गेली होती. पैसा आला की धान्य विकत घ्यावे, हा नवा हिशोब होता. पाऊस गेला आणि भाव चढले, तेव्हा हिशोब मोडला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाख भरली.

२८/ या विषयावर लक्ष्मण सत्य यांचा एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवरील अभ्यास आवर्जून वाचावा. माझे म्हणणे येथे जपून समजून घ्या. ताजमुळे वऱ्हाड उपाशी राहिले, असे मी म्हणत नाही. एकाच पिकाने एका टोकाला झुंबर लावले आणि दुसऱ्या टोकाला चूल विझवली, एवढेच म्हणतो. दोन्ही दृश्ये एका चौकटीत पाहिल्याशिवाय त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.

२९/ पैसा असूनही दरवाजा उघडत नाही, असेही होते. १९१७. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. शहरात हिंदूंच्या विशी होत्या, पण तेथे प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळ, अंधार आणि ते एकटेच पाहुणे.

३०/ अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सायंकाळच्या आत जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वाट पाहत बाबासाहेब कमाठीबागेत बसून राहिले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हॉटेलांचा इतिहास वाचताना ती बाग विसरता येत नाही.

३१/ साधारण याच काळात कोल्हापुरात उलटे घडत होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज गाडी थांबवून स्वतः चहा पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. त्या छोट्या हॉटेलात झुंबर नव्हते. पण पंचहौदचा चहा आठवा, आणि मग या चहाचे मोल ठरवा.

३२/ २६ जानेवारी १९५० पासून संविधान अमलात आले. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उघडून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कुणालाही अडवता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. देशाच्या मूलभूत हक्कांत 'हॉटेल' हा शब्द आहे! मसुदा समितीचे अध्यक्ष होते बडोद्याच्या बागेत बसलेले तेच गृहस्थ.

३३/ म्हणजे जातीचा दरवाजा निदान कायद्याने उघडला. पैशाचा दरवाजा राहिला. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याने मोठ्या शहरात कोठे उतरावे? या प्रश्नाचे उत्तर एका वऱ्हाडी माणसाने दिले : डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. जग त्यांना गाडगेबाबा म्हणते.

३४/ हातात खराटा, अंगावर चिंध्या, जेवायला मातीचे गाडगे. या माणसाने लोकांकडून पैसा गोळा केला आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात वारीला आलेल्या अस्पृश्यांना छप्पर नव्हते, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बांधलेल्या इमारतींत स्वतःचा हक्क ठेवला नाही, घरच्यांचाही नाही.

३५/ १९५४ च्या सुमारास त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. आजाऱ्याला खाट मिळते, पण त्याच्यासोबत आलेल्या माणसाने रात्र कोठे काढावी, हे त्यांनी ओळखले. धर्मशाळा हा जुनाच प्रकार, पण त्यांनी तिच्या दारातला प्रश्न बदलला. तेथे जात नाही, ऐपत नाही. विचारायचे ते एवढेच : तुम्हाला गरज आहे का? हा तिसरा दरवाजा.

३६/ आता थोडे घरचे. मी शाळेत असताना आजोबांना कर्करोग झाला. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात. जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींच्या न्यासाने पुढे हे रुग्णालय उभारले, १९४१ मध्ये ते सुरू झाले. आजोबा आणि वडील उतरले होते दादरला, गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत. सुट्टीत मीही काही दिवस तेथे राहिलो.

३७/ तेथे विदर्भातील माणसे होती, बिहार-बंगालचीही होती. एका सायंकाळी आजोबांना बरे वाटत होते, म्हणून वडील आम्हाला गेटवेला घेऊन गेले. आजोबा समुद्राकडे पाठ करून ताजकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इतक्या मोठ्या हाटेलात मानसाले झोप तरी येते का बाप्पा?" आम्ही हसलो. जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाचे त्या इमारतीशी काय नाते आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि त्यांनाही नव्हते.

३८/ मागील वर्षी प्रबंधिकेच्या कामासाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जाणे झाले. ते काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. जवळच वॉटसन्सचा जुना सांगाडा उभा आहे. आज त्याचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. हॉटेल केव्हाच बंद पडले, पुढे खोल्यांत वकिलांची कार्यालये थाटली गेली, २००५ मध्ये सज्जाचा एक भाग कोसळला. बिडाचे खांब अजून उभे आहेत.

३९/ काम संपले त्या दिवशी ताजमध्ये जाऊन चहा घेतला. कुणी अडवले नाही, जात विचारली नाही, वागणूक अदबीची होती. खिडकीतून समुद्र दिसत होता. बिल दिले तेव्हा शिष्यवृत्तीचा हिशोब मनात झाला, हे कबूल करतो. चहा चांगला होता. पण मला राहून राहून दादरच्या त्या व्हरांड्यातला चहा आठवत होता, जो आजोबांनी बशीत ओतून अर्धा मला दिला होता.

४०/ ज्या विद्यापीठाची पदवी माझ्या नावापुढे लागेल त्याला गाडगेबाबांचे नाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी ते अमरावतीजवळ, प्रवासातच गेले. मुंबईच्या इतिहासात ताजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. ती वास्तू त्या लायकीची आहे. पण वऱ्हाडने मुंबईला कापूस दिला, तसा हा तिसरा दरवाजाही दिला. कापसाची नोंद व्यापाराच्या इतिहासात होते. या दरवाजाची नोंद आपण ठेवायला हवी.

४१/ शेवटी एक विनंती. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी पहिल्यांदा मोठ्या शहरात गेली तेव्हा कोठे उतरली होती, काय जेवली होती, दारात त्यांना काय विचारले गेले होते, हे त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. आलिशान हॉटेलांच्या नोंदवह्या जपल्या जातात. धर्मशाळेच्या ओट्यावर झोपलेल्यांच्या नोंदी फक्त घरात असतात. या धाग्याखाली त्या आठवणी अवश्य सांगा. मी प्रत्येक वाचेन. 🙏

#मराठी #इतिहास #वऱ्हाड #मुंबई